शिवणीतली माया

त्या वर्गात तिने आपणहून हात वर केला, तो त्या दिवशी पहिल्यांदा. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर निळ्या पेनाने दोन शब्द लिहिले होते, ग्लास सीलिंग, आणि वळून विचारलं होतं, "हे कुणी ऐकलंय?" पुढच्या बाकावरच्या दोघी नर्स एकमेकींकडे बघू लागल्या. टॅक्सी ड्रायव्हरने ओठ पुढे काढून मान हलवली. धडा नोकरीचा आणि महत्त्वाकांक्षेचा होता. बढतीचे, राजीनाम्याचे, पुढे जाण्याचे आणि मागे पडण्याचे बरेच इंग्रजी शब्द येऊन गेले होते आणि तिने ते मुकाट्याने उतरवून घेतले होते. दुकानाने सगळ्या जुन्या माणसांना इंग्रजी शिकायला पाठवलं होतं म्हणून ती आली होती. कपड्यांच्या त्या तीन मजली दुकानात, ट्रायल रूमच्या मागच्या खोलीत, गिऱ्हाइकांच्या पँटी आखूड करण्यात तिची उमर गेली होती. मागच्याच तासाला बाईंनी प्रत्येकाला त्याची ॲम्बिशन विचारली होती, तेव्हा ड्रायव्हर म्हणाला होता, दुपारची झोप. आणि तिने काही नाही म्हणून सांगितलं होतं. पण हे दोन शब्द तिचे होते. कितीतरी वर्षं तिने ते कपाटातल्या चांगल्या कपड्यासारखे घडी घालून ठेवले होते. "काचेचं छत," ती म्हणाली, आणि आपला आवाज एवढा मोठा असेल असं तिला वाटलं नव्हतं. "म्हणजे असं माणूस, की ज्याच्यामुळे घरात वरून उजेड येतो, पण पाऊस लागत नाही." एक नर्स म्हणाली, "किती छान!" बाई वयाने तिला मुलीसारख्या होत्या. त्या हसल्या, पण त्यांचा चेहरा अवघडला. "सुंदर आहे हे. पण अर्थ तसा नाही. नोकरीत आपण वर वर जातो आणि एका जागी डोकं आपटतं. वरच्या खुर्च्या दिसतात, माणसं दिसतात, पण मधे काहीतरी आडवं आहे. ते दिसत नाही आणि फुटतही नाही. बायकांना वरच्या जागा मिळू देत नाहीत, त्यावरून आलाय हा शब्द. अडथळा, थोडक्यात." ड्रायव्हरने मांडीवर थाप मारली. "म्हणजे आमच्या घरात आमची बायको!" सगळा वर्ग हसला. ते हसू तिच्या ओळखीचं होतं. तीच पट्टी, आधी एकाचं नाकातून, मग सगळ्यांचं एकदम. तिने हात खाली घेतला. तो इतका वेळ वरच राहिला होता.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तरी ती उभीच राहिली. बसलं तर आपण मोठ्याने काहीतरी बोलू असं तिला वाटत होतं. पहिल्यांदा नवरा तिला हे म्हणाला तेव्हा लग्नाला तीन-चार वर्षं झाली असतील. रंगांच्या कंपनीत तो विक्री खात्यात होता, आणि मोठ्या साहेबांच्या घरी जेवण होतं. लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे तीन-तीन चमचे, आणि पाठीवर त्याचा हात. त्या हाताने तिला किंचित पुढे सरकवून तो म्हणाला होता, "मीट माय ग्लास सीलिंग." माणसं हसली. तीही हसली, कारण सगळे तिच्याकडे बघून हसत होते आणि अशा वेळी दुसरं काय करतात? परतताना जिन्यात तिने विचारलं, "काय म्हणालात हो मला?" टाय सैल करता करता तो दोन पायऱ्या उतरेपर्यंत बोलायचा थांबला. आज बसच्या दांडीला धरून ती त्या दोन पायऱ्यांकडे बघत होती. तो थांबला होता. शोधत होता. आणि मग म्हणाला होता, "अगं, काचेचं छत. वरून उजेड येतो, पाऊस लागत नाही. तुझं कौतुक केलं." खोटं बोलणारा माणूस निदान काहीतरी साधं बोलतो. याने तिला आयुष्यभर पुरेल असं वाक्य दिलं होतं, दोन पायऱ्यांच्या अवधीत, आणि त्या वाक्यावर ती जगली होती. त्याच्या तोंडून दुसरं गोड कधी निघालं नाही तरी ती बहिणीला म्हणायची, मनात आहे गं त्यांच्या, फक्त इंग्रजीत आहे. प्रत्येक मेजवानीत ती त्या शब्दांची वाट बघायची. आता म्हणेल, आता म्हणेल. तो म्हणायचा. हसू यायचं. तिला आत ऊब यायची. पुढे मोठे साहेब बदलले, बोलावणी कमी झाली, त्याची बढती आली नाही ती आलीच नाही, आणि ते शब्दही थांबले, तेव्हा तिला चुकल्यासारखं झालं होतं. हे आठवून आत्ता तिच्या कानशिलांवर आग उठली. पण त्याहून वाईट एक आठवण मागे उभी होती, ती तिला ढकलून पुढे आली. एकदा साहेबांच्या बायकोने विचारलं होतं, तुम्ही काय करता? इंग्रजीतला एवढा प्रश्न तिला समजला होता, आणि ती ताठ मानेने म्हणाली होती, "आय ॲम हिज ग्लास सीलिंग." ती बाई आधी हसायला गेली. मग थांबली, आणि तिने हिचा हात हातात घेतला, आणि बराच वेळ सोडला नाही. किती प्रेमळ बाई, असं ती घरी येऊन म्हणाली होती. तो हात आज, इतक्या वर्षांनी, बसच्या दांडीवर तिच्या हाताला चिकटून होता, आणि तो हात कीव करणारा होता.

घरी तो खिडकीशी पेपर वाचत होता. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी सकाळी उठून इस्त्रीची पँट चढवायची त्याची सवय गेली नव्हती. वाचनालयात जायचं तरी पट्टा, बूट. "झाली का शाळा?" तो म्हणाला. "आज काय शिकवलं?" शब्द जिभेवर आले होते. तिने ते गिळले. आत्ता बोलले तर तो हसेल, गंमत होती म्हणेल, चहा मागेल, आणि एवढं मोठं काहीतरी पाच मिनिटांत संपून जाईल. ते संपू द्यायचं नव्हतं. "नोकरीचे शब्द," ती म्हणाली. "असू दे, असू दे. तेवढं त्या तपकिरी पँटचं बटण सैल झालंय, बघ," तो म्हणाला, आणि पेपर उलटला. तिने पँट मांडीवर घेतली, बटण पक्कं केलं, दोरा तोडला, आणि मग तिच्या लक्षात आलं की बोटं थांबली नाहीत. त्यांनी कमरपट्टीची मागची शिवण चाचपली होती. तिथे दोन्ही बाजूंना कापड जास्तीचं असतं, पुढेमागे माणूस सुटला तर सैल करता यावं म्हणून आत दुमडून ठेवलेलं. शिंप्याच्या बोलण्यात त्याला माया म्हणतात. माया ठेवलीय का, दोन बोटं माया सोडा, असं ती रोज शंभरदा बोलत असे आणि त्या शब्दात काही आहे हे कधी मनातही आलं नव्हतं. तिने शिवण उसवली, पाव इंच आत घेतली, मशीनवर टीप मारली, वाफेची इस्त्री फिरवली. बाहेरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. तो खिडकीशीच होता. "आवाज फार करतं गं तुझं मशीन," तो म्हणाला. "तेल घालते," ती म्हणाली.

पहिल्या पँटीने काही झालं नाही. तिने उरलेल्याही आत घेतल्या, एकेक करून, धुऊन आल्यावर. मग पुन्हा तपकिरी. एका सकाळी तो आरशासमोर बटणाशी झटत होता, श्वास आत ओढलेला, मान लाल. "आटल्या की काय या?" "टेरिकॉट आटत नाही हो," ती म्हणाली, भाजी चिरता चिरता, तोंड वर न करता. "मग?" "मग काय, वय झालं. पोट सुटतं माणसाचं." त्या दिवशी दुकानात गुडघ्यांवर बसून कुणाच्यातरी पायाशी टाचण्या लावताना तिला एकदम हसू फुटलं आणि तोंडातल्या टाचण्या जमिनीवर सांडल्या. गिऱ्हाईक घाबरून मागे सरकलं. असं तिला कधी झालं नव्हतं. अंगात काहीतरी नवं हिंडत होतं, तापासारखं, पण तापाने गळून जायला होतं तसं नव्हे. उलट जिने दोन-दोन पायऱ्या चढावेत असं वाटे. वर्गात ती आता पुढच्या बाकावर बसू लागली. शब्द तिला चटकन येऊ लागले, जणू प्रत्येक शब्द तिच्यासाठीच कुणीतरी घडवला होता. अंडरमाइन म्हणजे काय, बाईंनी विचारलं, आणि तिने उत्तर दिलं, खालून हळूहळू पोखरायचं, वरच्याला कळू न देता. "अगदी बरोबर!" बाई म्हणाल्या. रूथलेस म्हणजे दयामाया नसलेला. यावर ती थोडी थांबली. मग तिने तोही उतरवून घेतला. धड्यात एक माणूस होता, तो पुढे जाण्यासाठी मित्राच्या पाठीत सुरा खुपसत असे, आणि वाक्यं त्याच्यावरून करायची होती. बाकीच्यांनी केली ती सगळी त्या माणसाला नावं ठेवणारी. तिने केलं ते असं: तो माणूस हुशार होता, त्याने घाई केली नाही.

तो रात्रीचं जेवेनासा झाला. आधी भूक नाही म्हणाला, मग नुसती काकडी, मग नुसतं दूध. संध्याकाळी बूट घालून तासभर चालून येऊ लागला. गालांची हाडं वर आली, मानेभोवती कॉलर फिरू लागली, आणि पँट मात्र घट्टच. कारण तो जसा उतरत होता तशी ती शिवण आत घेत होती. त्याच्या मागोमाग, पावलावर पाऊल टाकून. कोपऱ्यावरचा औषधवाला तिला म्हणाला, "तुमच्या साहेबांचं काय हो? रोज येतात आणि वजनकाट्यावर उभे राहतात. कमी भरलं की लोक खूश होतात, हे पांढरेफटक पडतात." तिने गोळ्यांची पुडी पिशवीत टाकली आणि रस्त्यावर आली, आणि मग तिला समजलं. वजन उतरतंय आणि पोट वाढतंय. तिचे सासरे, दादा, असेच गेले होते. हातपाय काड्यांसारखे आणि पोटात पाणी, माठासारखं ताणलेलं पोट. शेवटचे महिने तिनेच त्यांना पुसलं होतं, कूस बदलली होती. त्यांचा मुलगा, म्हणजे हाच, दारात उभा राहायचा, आत यायचा नाही, त्याच्याने बघवायचं नाही. आता तो स्वतःच्या पोटावर हात ठेवून बसतो, ती आली की हात काढतो, शर्ट बाहेर सोडतो. तिला एक अक्षर बोलला नव्हता. रस्त्याच्या कडेला ती पिशवी धरून उभी राहिली. इथे थांबता येईल, असं तिला स्पष्ट वाटलं. आज घरी जाऊन चारही पँटी सैल करून टाकायच्या, तो म्हणेल चालण्याचा गुण आला, आणि झालं. मग तिला तो हात आठवला, साहेबांच्या बायकोचा, बराच वेळ न सुटलेला. त्याचा हात अजून कुणी असा कीव करून धरलेला नाही, ती मनात म्हणाली. घरी गेल्यावर तिने करडी पँट काढली.

याच दिवसांत दुकानाच्या मॅनेजरबाईंनी तिला वर बोलावून घेतलं. सगळ्या शाखांची शिवणकामं आता एकाच ठिकाणी होणार होती, दुसऱ्या शहरात, मोठी कार्यशाळा, चाळीस मशीनं. तिथे प्रमुख हवा होता. "तुम्ही अर्ज करा. मुलाखत इंग्रजीत असेल, पण तुमच्या इंग्रजीच्या बाई सांगत होत्या की तुम्ही वर्गात सगळ्यांच्या पुढे आहात." एरवी ती, घरी विचारते, असं म्हणाली असती. ती म्हणाली, करते. संध्याकाळी तिने त्याला सांगितलं ते केवळ त्याचं तोंड बघण्यासाठी. तो हसेल, म्हणेल तिथे मीटिंगा असतात बाई, म्हणजे या रागाला आणखी चार लाकडं मिळतील. पण तो हसला नाही. "दुसऱ्या शहरात?" तो म्हणाला. "मी असा असताना?" "असा म्हणजे कसा?" तिने विचारलं. तो तिच्याकडे बघत राहिला. सांगावं की नाही असं त्याच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं. "काही नाही. जा तू," तो म्हणाला, आणि उठताना त्याने टेबलाची कड धरली. तिला वाटलं होतं त्याहून हे गोड लागलं, आणि गोड लागलं म्हणून भीती वाटली. आपल्यात हे कुठे होतं इतकी वर्षं? की होतंच, आणि त्याला नाव मिळालं नव्हतं?

शेवटी त्यानेच सांगितलं. सकाळी मोज्यांत पाय घालता घालता, मोजा अर्ध्यावर ठेवून. "दादांना झालं होतं तेच मला झालंय बहुतेक," तो म्हणाला. "डॉक्टरकडे येतेस का बरोबर?" ती म्हणाली, येते. दवाखान्याच्या बाकावर तो तिच्या शेजारी बसला होता आणि त्याचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागला होता. त्याने गुडघा काढला नाही. एवढी जवळीक त्यांच्यात कधीची राहिली नव्हती. "तुला आठवतं, दादा शेवटी काय म्हणाले?" त्याने विचारलं. "मला कळलं नव्हतं. तू जवळ होतीस." "पाणी मागत होते," ती म्हणाली. ते खरं होतं. आत डॉक्टरांनी त्याला झोपवलं, पोट दाबलं, ठोकून पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या ओढल्या. यंत्र फिरवून पडद्यावर काहीतरी काळंपांढरं बघितलं. मग कमरेभोवती टेप गुंडाळली. "काही नाही हो तुम्हाला. यकृत उत्तम आहे, पाण्याचा थेंब नाही. उलट फार बारीक झालात. जेवत जा." "पण पँट," तो म्हणाला. उठून बसला होता, शर्ट वर धरलेला, केस विस्कटलेले. "कमरेला होत नाहीत पँटी. एकसुद्धा होत नाही." डॉक्टरांनी टेप गुंडाळून खिशात घातली आणि ते मजेत म्हणाले, "मग शिंपी बदला!" त्यांच्या मागे उभी असलेली नर्स हसली. तो नाही हसला. त्याची मान हळूहळू वळली आणि तो तिच्याकडे बघू लागला. तिने नजर काढून घेतली नाही.

घरात आल्यावर त्याने कपाट उघडलं, चारही पँटी पलंगावर उलट्या केल्या आणि खिडकीच्या उजेडात शिवणी बघितल्या. त्याला शिवणकामातलं काही कळत नव्हतं. पण जुन्या सुयांची भोकं ओळीने राहिली होती, एकापाठोपाठ एक, किनाऱ्यावरच्या भरतीच्या रेघांसारखी, आणि शेवटच्या ओळीत नवा दोरा. "हे तू केलंस." "हो." "किती दिवस चाललंय?" "बरेच." तो पलंगावर बसला. पँट मांडीवर, तशीच उलटी. "का गं?" या प्रश्नासाठी तिने उत्तर तयार केलं होतं, इंग्रजीत, व्याकरण तपासून, बसमध्ये कितीदा तरी म्हणून बघितलेलं. ते सगळं गेलं. "मला ग्लास सिलिंग का म्हणत होतात?" एवढंच ती म्हणाली. "सीलिंग," तो म्हणाला. "सी लांब." हे त्याच्या तोंडून आपोआप निघालं, शिंकेसारखं. मग त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "मी म्हणायचो? तुला? कधी?" ती बघत राहिली. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर काही लपवण्याजोगं नव्हतंच. तिने जे जन्मभर सांभाळलं होतं ते त्याने जिन्यातच टाकून दिलं होतं. "साहेबांच्या घरी," ती म्हणाली. "प्रत्येक जेवणाला. तुमच्या कंपनीतल्या प्रत्येक माणसासमोर." हळूहळू त्याला आठवलं. आठवताना ओठांच्या कडेला थोडं हसू येऊ पाहत होतं, ते त्याने आवरलं, पण तिने बघितलं. "अगं, ती गंमत होती. साहेबांनी वाचलं होतं कुठेतरी, की बायको बोलकी नसली तर माणूस वर जात नाही. त्यावर मी आपलं. सगळे हसायचे." तो थांबला. "तूही हसायचीस."

ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. तूही हसायचीस. तो बाहेरून बोलत होता, आवाज चढत चाललेला, आणि त्यात रडू मिसळलेलं. "मी मरतोय असं समजत होतो, माहीत आहे तुला? मी रोज त्या काट्यावर उभा राहत होतो. मृत्युपत्राचं विचारून आलो. तू समोर बसून भाजी चिरत होतीस. माझ्या बापाला बघितलं होतंस तू, आणि तरी!" "तरी," ती म्हणाली, पाण्याच्या आवाजात. "एका शब्दासाठी?" "एकच होता माझ्याजवळ," ती म्हणाली. त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तिला वाटत होतं की आता पश्चात्ताप येईल, आला तर येऊ दे, म्हणून ती वाट बघत उभी राहिली. तो आला नाही. आली ती रिकामी चिडचिड, कुणीतरी हातातलं काम अर्धवट काढून घ्यावं तशी.

मुलाखतीला ती निळा कोट घालून गेली, स्वतः शिवलेला. टेबलापलीकडे तिघं होते. त्यांनी विचारलं, या वयात घर सोडून दुसऱ्या शहरात का यायचंय? प्रश्नातला शब्द न् शब्द तिला कळला, आणि त्यातलं 'या वयात' कशासाठी होतं तेही कळलं. तिने सांगितलं की चाळीस मशीनं एका हाताखाली कशी चालतात ते तिला बघायचंय, आणि तो हात तिला आपला हवाय. वाक्यात एक क्रियापद चुकलं. तिने ते दुरुस्त केलं नाही. ॲम्बिशन हा शब्द तिने मुद्दाम वापरला, आणि वापरताना तिला जाणवलं की तो खोटा नाही. रागाच्या मागून चालत चालत ती इथे येऊन पोचली होती, आणि राग मागे वळला असता तरी ती वळली नसती. जागा तिला मिळाली. जाण्याच्या दिवशी त्याने सामान खाली आणून दिलं. तो आता सैल पँट घालत होता, तयार विकत आणलेली, घेताना मापही न बघता. "जेवणाचं मी बघेन," तो म्हणाला. "बघा," ती म्हणाली. गाडी वळेपर्यंत तो उभा होता की नाही, हे तिने पाहिलं नाही.

नव्या शहरात तिला एक खोली मिळाली, खाली बेकरी असलेली, पहाटे पावाचा वास जिन्याने वर येई. कार्यशाळेत पहिले काही दिवस बायका तिला दबून होत्या, मग नव्हत्या. तिने तीन मशीनांची जागा बदलली, एका मुकादमाला कामावरून काढलं, मीटिंगांत बसली, आणि इंग्रजी बोलणारी माणसं बरंचसं तेच तेच बोलतात हे तिला तिथे कळलं. घरचा फोन येत नव्हता. तीही करत नव्हती. आणि मग एका दुपारी, पलीकडे चाळीस मशीनांचा पाऊस पडत असताना, त्याचा फोन आला. "वजन उतरतंय माझं," तो म्हणाला. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "जेवतोय व्यवस्थित. तरी उतरतंय. नवी पँट कमरेवर राहत नाही." हात आपोआप पर्सकडे गेला. संध्याकाळची बस, रजेचा अर्ज, किल्ल्या कुणाकडे द्यायच्या, हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. पलीकडे तो तिचा श्वास ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याने विचारलं, "घाबरलीस?" त्या शब्दात काहीतरी होतं. जिभेवर घोळवल्यासारखं. तिच्या हातातली पर्स खाली आली. खरोखर भ्यायला होता तेव्हा हा माणूस शर्ट बाहेर सोडून गप्प बसला होता, आणि आता हा फोन करून सांगतो. "नाही," ती म्हणाली. "खरंच उतरलंय का?" "ये नि बघ," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

सुट्टी आली. ती गेली नाही. बरं नाही हे त्याने खोटंच सांगितलं असेल, पण खरं असलं तर? मधले दिवस तिने या एका प्रश्नात काढले, मीटिंगांत, जिन्यावर, पावाच्या वासात जागी होऊन. त्याला दुसरं काही साधायचं नव्हतंच, हे तिला कळत होतं. पँटीला हातही न लावता, ती त्याची घेत होती तशी, त्याने आता तिची शिवण आत घेतली होती. मनातल्या मनात तिने त्याला दाद दिली. असं काही त्याला सुचेल असं वाटलं नव्हतं. औषधवाल्याला विचारता आलं असतं. वाचनालयात फोन करता आला असता. तिने केला नाही, कारण मग त्याला कळलं असतं की तिने विचारलं. सुट्टीच्या संध्याकाळी मात्र ती रिकाम्या कार्यशाळेत जाऊन बसली. सगळी मशीनं झाकलेली होती. तिने घरचा नंबर फिरवला. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. तो फोनशीच बसलेला असणार. कुणीच काही बोललं नाही. रिसीव्हर कानाशी दाबून ती त्याचा श्वास ऐकू लागली, तो आजारी माणसाचा आहे की बऱ्या माणसाचा, हे ओळखता येतं का ते बघत. तिकडे त्याला ते समजलं असावं. तो शांतपणे, सावकाश, तिला नीट ऐकू जाईल असा श्वास घेत राहिला.